सेव्हरिनमायचा नवस

झाकण हातातून निसटलं, लादीवर खण्णकन आपटलं आणि स्वयंपाकघरभर गरगरत राहिलं. फिरून फिरून दमलं, आडवं झालं. पुन्हा सगळं चिडीचूप.

पडवीत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली लविना कान टवकारून वाट पाहत होती. आता तरी सासू काही बोलेल. पूर्वीची सेव्हरिनमाय झाकणाला अशी सोडती थोडीच! ‘नाचून घे बाबा. असा पाय माझ्या नवऱ्याला टाकता आला असता तर मी जन्मभर भांडले कशाला असते?’ असं काहीतरी तिच्या तोंडून निघालंच असतं.

आतून फक्त झाकण विसळल्याचा आवाज आला.

शेजारी बसलेली जॉयलिन आईच्या कानाशी लागून कुजबुजली, “मम्मा, मी हसले नाही हां.”

साडेचार वर्षांच्या पोरीला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, आई हसली की तिचं पोट उघडतं. तेव्हापासून ती घरात पाद्रीबाबासारखा चेहरा करून वावरत होती.

सहा आठवडे झाले होते या गोष्टीला. सिझर होऊन लविना घरी आली त्याच दिवशी शेजारची दुल्सिन औषध म्हणून ब्रँडीची बाटली घेऊन बाळंतिणीला भेटायला आली. तेव्हा सेव्हरिनमायनं एक वाक्य टाकलं आणि लविनाला हसू आवरेना. पोटात सुरी फिरवल्यासारखी कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसू थांबेना. दुसऱ्या दिवशी जखम ओली झाली, ताप भरला. पुन्हा आठ दिवस दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, याचा हसण्याशी काही संबंध नाही, जखमेत जंतू गेले होते. पण सेव्हरिनमायला कोण समजावणार? तिनं अत्तूरच्या चर्चमधल्या सांत लॉरेन्साला नवस बोलला. सून बरी होईपर्यंत चेष्टेचा एक शब्द बोलणार नाही.

आणि पाळला की! मेथीची पेज मुकाट्यानं पुढं यायची, अंगाला तेल मुकाट्यानं चोळलं जायचं. कुवेतहून नवऱ्याचा, लायनलचा फोन आला तर तोही विचारायचा, “घरात कुणी वारलंय का? आवाज कसा नाही?”

एका कुशीवर वळून हळूच उठायचं, खोकला आला की पोटावर उशी दाबायची, हे सगळं लविना शिकली. पण ही शांतता काही तिच्या अंगवळणी पडेना.

काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं. “छान भरलीय जखम. फुलं खुडायला हरकत नाही. भरलेली घागर मात्र एवढ्यात नको.” लविनाला वाटलं, सुटला नवस. पण बसमध्ये सासू एवढंच म्हणाली, “डॉक्टरला पोटाच्या आतलं काय दिसतं?”

आज लविना टोपली घेऊन परसातल्या मल्लिगेच्या, मोगऱ्याच्या वाफ्यात निघाली. सेव्हरिनमायनं टोपली हातातून काढून घेतली. लविनानं ती परत घेतली.

“माय, स्टूल दे. खालच्या फांद्या मी बसून खुडते.”

सासूनं स्टूल आणलं, तीनदा हलवून पाहिलं, मग तिला बसू दिलं. बाळाची टोपली सावलीत ठेवली. अजून ऊन चढायचं होतं, कळ्या मिटलेल्या आणि गार होत्या. पहिली कळी देठासकट टक्कन तुटली तेव्हा लविनाला वाटलं, आपले हात आपल्याला परत मिळाले. पुढं वाकली, ओढ बसली, सरळ झाली. पुन्हा वाकली. जमत होतं. पलीकडं सासू पाठ करून खुडत होती.

लविनाला विनोद सांगता येत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तिच्या तोंडून आलेला विनोद कधी धड शेवटाला पोचला नव्हता. तरी आज तिनं घसा खाकरला.

“जॉयलिन, तुला गंमत सांगू? दुल्सिनमावशी त्या दिवशी बाटली घेऊन आली ना, तर तिनं त्यातली चमचाभर स्वतःच प्यायली. मग ही तुझी आजी, व्हडलीमाय म्हणाली, दुल्सिन, जास्त पिऊ नको.”

“मग?”

“मग काय? झालं.”

जॉयलिननं विचार केला. “यात हसायचं कुठं?”

पलीकडं सासूचे हात थांबले. मान हलली नाही, पण हात थांबले.

“आणि मग,” लविना आणखी रेटत म्हणाली, “दुल्सिनमावशी घरी गेली.”

“घरी गेली?” सेव्हरिनमाय गर्रकन वळली. “घरी कशाला जातेय ती! आणि चमचा गं कुठला? कप होता, स्टीलचा! सांगायचं तर नीट सांग, नाहीतर सांगूच नको. अशानं माणसाचा जीव जातो!”

“मग तू सांग.”

सासूनं आभाळाकडं पाहिलं. “सांत लॉरेन्सा, जरा कान झाक.” टोपली खाली ठेवली आणि क्षणात तिची दुल्सिन झाली. तेच धापा टाकणं, तेच डोळे मिटून क्रुसाची खूण करणं. “‘बाळंतिणीला कडू तर नाही ना लागणार? बघते हां.’ एक घोट. ‘जिभेला कळलं, पण घशाला नाही कळलं बाई.’ दुसरा घोट. ‘घसा हो म्हणतोय, आता छातीला विचारते.’ असं करत करत बया कपाच्या तळाला! आणि मग पडली ना आडवी, तुझ्याच खाटेवर, बाळाच्या शेजारी. म्हणते, ‘सेव्हरिन, पंखा लाव गं.’ मी म्हटलं, लावते. पण आधी सांग, तुला मुलगा झाला की मुलगी?”

लविनाचं हसू पोटातून आलं. थेट तिथूनच, टाक्यांच्या मागून. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

सासूचा चेहरा पांढरा पडला. “दुखलं?”

“ओढ बसली.”

“मग थांब ना, सटवे!”

“नाही थांबत. टाके धरलेत, माय. बघ, धरलेत!”

सेव्हरिनमाय तिच्यासमोर मातीत गुडघ्यांवर बसली. सुनेच्या हातांवर स्वतःचे हात ठेवून हसण्याचा एकेक हिसका तपासत राहिली. पोट हलत होतं, पण दुखत नव्हतं. मग सासूचेही खांदे हलायला लागले. जॉयलिननं आधी एकीकडं पाहिलं, मग दुसरीकडं, आणि वाफ्यातच लोळण घेतली. बाळ दचकून रडायला लागलं, तरी कुणाला उठवेना.

शेवटी सेव्हरिनमायनं मॅक्सीच्या बाहीनं तोंड पुसलं आणि उठून बाळाला उचललं. लविना श्वास सावरत सांडलेल्या कळ्या वेचू लागली. जॉयलिनही केसातली माती तशीच ठेवून तिच्याबरोबर वेचत होती. वेचता वेचता ती थांबली.

“मम्मा, एवढे दिवस आपण हसलोच नाही ना... ते हसू कुठं गेलं?”