डोणगावची चौकशी समिती

नेपाळचे माजी कर्णधार आणि आता तिथल्या क्रिकेट मंडळाचे सचिव तेजेंद्र बस्नेत डोणगावात गावच्या अंतिम सामन्याचं बक्षीस द्यायला आले खरे, पण शेवटच्या चेंडूवरचा गडी बाद की नाबाद, यावरून दोन्ही संघ त्यांच्या गाडीपुढे आडवे झाले.

"साहेब, निकाल द्या, मंगच जा!"

कर्णधार असते तर त्यांनी तिथल्या तिथे निर्णय देऊन टाकला असता. पण सचिवाच्या खुर्चीवर बसून जिभेला वळणच वेगळं लागलं होतं. ते म्हणाले, "चौकशी समिती नेमा."

टाळ्या पडल्या. सरपंच हिंमतरावांनी अध्यक्ष म्हणून त्यांनाच नेमलं आणि डिकीतली त्यांची बॅग आपल्या घरी पाठवली.

"अहो, उद्या काठमांडूत माझ्या लेकीचं लग्न आहे!"

"हाव ना साहेब," हिंमतराव म्हणाले, "त्याच्यासाठी उपसमिती नेमून राह्यलो."