मोटारीची आंघोळ

इमामनं सव्वीस वर्षं कोल्हापुरात तांगा हाकला आणि पन्नाशी ओलांडल्यावर मोटारीचं चाक हातात धरलं. घोडी म्हातारपणानं गेली, गिऱ्हाईक रिक्षांनी नेलं. तेव्हा शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी नेमगोंडाआण्णा मदतीला धावले. लहानपणी ते इमामच्याच तांग्यातून शाळेत जात. त्यांनी आपल्या खर्चानं त्याला ड्रायव्हिंग शिकवलं आणि नव्या कोऱ्या काळ्या मोटारीवर ठेवलं. इमामला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण वर्ष व्हायच्या आत मोटारीच्या पुढच्या दिव्यांत पाणी साचायला लागलं. काचेला आतून थेंब आणि तळाशी बोटभर पाणी. दिवा लावला की उजेड पडायच्या ऐवजी रस्त्यावर नुसता पिवळट डाग पडे. आण्णांचं सासर कुरुंदवाडला. सूर्य बुडायच्या आत जेवायचं आणि मगच निघायचं हा त्या जैन घराचा नेम, त्यामुळे परतीची वाट कायम अंधारातली. गेल्या खेपेला हातकणंगल्याजवळ उसानं भरलेली बैलगाडी अगदी नाकासमोर आल्यावर इमामला दिसली. त्यानं करकचून ब्रेक दाबला. मागं बसलेल्या आण्णांच्या बायकोच्या, त्रिशलाकाकूंच्या कपाळाला टेंगूळ आलं, बैल मात्र वाचले.

"इमामभाई, दिवे नीट करून घ्या," आण्णा तेवढंच म्हणाले. "न्हायतर मला दुसरा विचार करायला लागंल."

दुसरा विचार म्हणजे दुसरा ड्रायव्हर, असं इमामनं धरलं. या वयात त्याला कोण ठेवणार होतं?

उद्यमनगरातल्या गुंडू मिस्त्रीनं याआधी दोनदा दिवे उघडून वाळवले होते, दोन्ही वेळा काचेभोवतीचं रबरही बदललं होतं. तिसऱ्यांदा त्यानं दिवा उपडा केला तेव्हा पाण्याबरोबर चिमूटभर वाळू पडली. गुंडूनं ती बोटावर घेतली.

"चाचा, गाडी धुता कुठं?"

"पंचगंगेवर!" इमामची छाती फुगली. "रोज पहाटं. पुढली चाकं पाण्यात घालतो, दिवं बुडस्तवर. मग तोंडावर धा-बारा बादल्या मारतो. डोळ्यात धूळ ऱ्हाऊ ने की."

"चाचा, ती काय घोडी हाय व्हय?"

गुंडू हसत सुटला, पण इमामचं तोंड बघून गप्प झाला. आपण जीव लावून जे करत होतो त्यानंच घात केला, हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं होतं. गुंडू मनानं चांगला. "आण्णांस्नी मी सांगतो, रबरच खराब हुतं म्हणून. तुम्ही नदीचा नाद सोडा," तो म्हणाला. इमामनं मान डोलावली. घरी बायकोला, सुगरालाही त्यानं काही सांगितलं नाही.

गुंडूनं शब्द पाळला, पण आण्णांचं गणित निराळंच निघालं.

"तीनदा रबर? मग ही गाडीच खोडील हाय," ते पेढीवरून म्हणाले. "त्या गाड्यांच्या दलालाला, जयपालला सांगतो, येईल त्या किमतीला काढून टाक म्हणावं. इमामभाई, तुम्ही घोर करू नका. नवी आली की तीबी तुम्हीच चालवायची."

नोकरी शाबूत राहिली. आता तोंड शिवून उभं राहिलं की झालं. पण इमामचे पाय हलेनात. चाबकानं जनावर बिथरवायचं आणि मग बाजारात त्यालाच खोडील म्हणून विकायचं, अशा तांगेवाल्यांना त्यानं जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आज तो त्यांच्यातच जाऊन बसला होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

"आण्णा, गाडीत खोट न्हाय," तो एकदम बोलला. "मीच तिला रोज नदीत घालून धुतोय. घोडीला धूत हुतो तशी. गुंडू माझ्यापायी खोटं बोलला, त्याला काय बोलू नका." आणि खिशातली किल्ली काढून त्यानं पेढीवर ठेवली.

आण्णांनी समोरची वही मिटली. इमामला वाटलं, आता हिशेब मिटवून घरी धाडणार.

"तुम्हाला चालवायला शिकवलं, धुवायला कुणी शिकवलंच न्हाय," आण्णा म्हणाले. "इमामभाई, खोड लपवून जनावर इकणारी मानसं मी लई बघितली. जनावराचं नाव खराब हुईल म्हणून स्वतःची खोड सांगणारा पयलाच बघतोय."

त्यांनी किल्ली उचलून इमामच्या तळहातावर ठेवली.

"उद्यापासनं नुसता ओला फडका मारायचा. परत नदीत घातली, तर दोघांस्नी एकदमच इकून टाकीन."

इमामला हसू आलं. किल्ली खिशात टाकून तो फडका शोधायला निघाला.