टीव्हीखालची पेटी

गप्प राहण्यात हर्षलचा फायदा होता. तो आधी मोजून टाकू, म्हणजे पुढचा हिशोब सोपा जाईल. कान गेल्याची बातमी फुटली नाही, तर ऑर्केस्ट्रावाला योगेश त्याला लग्नसराईत स्टेजवर बोलावणार होता. बहिणीच्या घरात त्याला 'बिचारा' म्हणून नव्हे, 'कलाकार' म्हणून चहा मिळणार होता. आणि तोवर औषधानं कान बरा झालाच, तर कुणाला काही सांगायची वेळच येणार नव्हती. सौदा काही वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असते, तर मीही हाच केला असता. पण मी त्याच्या जागी नव्हते. मी टीव्हीच्या खाली होते.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, सुरांची. हार्मोनियम म्हणा हवं तर.

जुन्या नाशकात अमीरचाचांच्या दुकानात मी तयार झाले. अंग सागाचं, आतले पितळी सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून आलेले. भाता पहिल्यांदा हलला तेव्हा चाचांनी डोळे मिटले आणि आतल्या खोलीत बायकोला हाक दिली, "मासूमा, सुन तो! ये तो बोलती है!" माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक, आणि तेच खोटं निघालं. मी बोलत नाही, मित्रांनो. कुणीतरी भाता ओढावा लागतो, कुणीतरी बोट ठेवावं लागतं. तोवर माझ्यात आणि शेजारच्या कपाटात काही फरक नसतो.

सायखेड्याचे सावळीराम मला घेऊन गेले. त्यांच्या कुसाबाईंनी जुन्या लुगड्याची खोळ शिवली. घरात दोन मुलं, मोठी मोहिनी आणि धाकटा हर्षल. हर्षलचे हात इतके आखूड होते की एक हात सुरांवर ठेवला की दुसरा भात्यापर्यंत पोचायचाच नाही. म्हणून वाजवायचा तो आणि भाता ओढायची मोहिनी. तिचं लक्ष खेळात गेलं की मध्येच माझा श्वास जायचा आणि तो ओरडायचा, "ताई, हवा!" असा माझा पहिला संसार दोन मुलांनी मिळून केला.

पुढे हर्षलचे हात वाढले. विंचूरच्या जत्रेत एका कांदा व्यापाऱ्यानं त्याच्यासाठी आणलेला हार माझ्याच गळ्यात घातला, म्हणजे झाकणावर. मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला. तो वजनानं हलका, बटण दाबलं की शंभर वाद्यांचे आवाज काढणारा. माझी बाजू लंगडी पडली. सावळीराम गेले, कुसाबाई गेल्या. जाताना कुसाबाईंनी मोहिनीचा हात धरून एवढंच म्हटलं, "हर्षलकडं बघ हां." आणि मी इंदिरानगरच्या तिच्या फ्लॅटमध्ये आले. मोहिनीचे यजमान राकेश अंबडच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. त्यांनी टेपनं मला मोजलं आणि खूश झाले. "उंची परफेक्ट आहे. टीव्हीखालच्या टेबलचं कामच मिटलं." तेव्हापासून भिंतीवरच्या टीव्हीखाली माझ्या डोक्यावर वायफायचा डबा लुकलुकतो. पावसाळा संपता संपता लग्न न झालेला, भाड्याची खोली सोडलेला हर्षलही याच घरात राहायला आला. आम्ही दोघंही तिथं सोयीनं ठेवलेले होतो.

आता रविवारचं सांगते. सकाळी या घरात मिसळ यायची आणि मिसळीबरोबर मुडदे. राकेश, मोहिनी आणि समोरच्या फ्लॅटमधल्या उज्वलावहिनी असे तिघे माहितीपट बघायचे. उज्वलावहिनी कोर्टात टायपिस्ट होत्या. तेवढ्या बळावर त्या स्वतःला अर्ध्या वकील समजत, आणि उरलेल्या अर्ध्या पोलीस. एका रविवारी खऱ्या खुनाची गोष्ट, पुढच्या रविवारी वाया गेलेल्या एखाद्या गायकाची. घरचा नियम असा होता की मध्यावर टीव्ही थांबवायचा आणि प्रत्येकानं निकाल द्यायचा. खुनाच्या दिवशी खून कुणी केला ते सांगायचं, गायकाच्या दिवशी नेमकं कुठं बिघडलं ते. ज्याचा निकाल चुकला, त्यानं पुढच्या रविवारी मिसळ आणायची. लोक टीव्हीकडे बघायचे आणि मी खालून लोकांकडे. माझ्या बाजूनं चित्र जास्त चांगलं दिसायचं.

हर्षल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. नेहमी तीच खुर्ची, डावा कान टीव्हीकडे. का, ते मला एकटीला ठाऊक होतं. दुपारी घर रिकामं झालं की तो वायफायचा डबा खाली ठेवायचा, माझ्या झाकणाला गाल टेकवायचा आणि एकेक सूर धरून बसायचा. "म्हातारे, उजवा गेला बघ," तो मला म्हणाला होता. "सकाळी उठलो तं नुसता भुंगा, वर तोल जातो. डॉक्टर म्हणतो गोळ्या घे, मग कानात इंजेक्शनं. लवकर केलं तं येईल म्हणतो, उशीर केला तं नाय. ताईला आत्ताच नाय सांगत. ती रडंल, दाजी योगेशला बोलतील, आन् योगेश दुसरा माणूस बघंल." मी ऐकत होते. ऐकणं हे मला फुकट जमतं.

एका रविवारी कुण्या परदेशी गिटारवाल्याची गोष्ट होती. घरच्यांच्या डोळ्यांदेखत माणूस नशेत संपला, बहीण शेवटी रडत बसली. मोहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अहो, एका घरात राहून कुणालाच कसं कळत नाही?"

"बघायला नजर लागते," उज्वलावहिनी पाव मोडत म्हणाल्या. "लोक डोळे उघडे ठेवून झोपतात."

"हर्षल, रिमोट दे रे," राकेश म्हणाले. ते त्याच्या उजवीकडे होते. हर्षल हलला नाही. "हर्षल! अरे ए तानसेन!" तरी नाही. वहिनींचा घास हातात थांबला. त्यांची नजर हर्षलवर गेली आणि तिथंच राहिली. मला वाटलं, कळलं! आता उठतील, त्याच्या कानाशी टिचकी वाजवतील, आणि सुटेल सगळं. त्यांनी भुवया उंचावून मोहिनीकडे पाहिलं फक्त.

पुढच्या रविवारी हर्षल नव्हता. "योगेशकडं जाऊन येतो" असं सांगून तो खरं तर कानाच्या डॉक्टरकडे गेला होता. खुनाची गोष्ट लागली, पण वहिनींनी ती मध्याआधीच थांबवली.

"मोहिनी, राग मानू नकोस. आज निकाल घरातलाच लावू या."

मग पुरावे निघाले. हाक मारली तर ओ देत नाही. जिन्यात भिंत धरून चालतो, परवा तर पहिल्या मजल्यावर तोल गेला. टीव्हीचा आवाज वाढवतो. मोहिनीनं माझ्या मागच्या फटीतून सापडलेली कागदी पुडी पुढे ठेवली. मेडिकलवाले सुट्ट्या गोळ्या घालून देतात तशी. वर फक्त सकाळ-संध्याकाळच्या खुणा.

"नाव नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे लपवायचंच आहे. आणि मी काल योगेशला फोन केला. महिनाभर फिरकला नाहीये म्हणे तुमचा कलाकार."

राकेश म्हणाले, "पण वहिनी, तोंडाला वास तर कधी येत नाही."

"तेच तर! दारू असती तर वास आला असता. म्हणजे त्याच्या पुढचं काहीतरी आहे."

मित्रांनो, मी तिथंच होते. पुरावा एकही खोटा नव्हता. सगळे धागे त्यांच्या हातात होते, नीट, सरळ, एकाच कानाकडे जाणारे. पण आधीच्या रविवारी त्यांनी नशेत बुडालेला गिटारवाला पाहिला होता, आणि त्यांच्या घरातही एक वादक होता. जुळलं! माझ्यात त्या वेळी भाताभर हवा असती, तर मी सगळे सूर एकदम फोडले असते. हवा नव्हती.

"एकदा त्यालाच विचारलं तर?" राकेश म्हणाले. शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य त्या खोलीत बोललं गेलं, आणि तेही मापात, हळू.

"विचारल्यावर कुणी कबूल केलंय आजवर? उलट सावध होतो. इतके सिनेमे बघून एवढं तरी शिकलात की नाही, भाऊजी?"

मोहिनीनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे वायफायच्या डब्याकडे. मग म्हणाली, "आईला शब्द दिलाय मी. त्या गिटारवाल्याच्या बहिणीसारखं नंतर रडत नाही बसायचं मला." प्रेमानंच म्हणाली. हिशोबात हे लिहायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल.

शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राची माणसं मंगळवारी सकाळी येणार असं ठरलं. त्यांनी मोहिनीला बजावलं होतं, समोर येऊ नका. हे लोक हात जोडतात, काहीही सांगतात, आणि घरचे विरघळतात.

मंगळवारी हर्षल खुशीत होता. गोळ्यांनी भुंगा थोडा कमी झाला होता आणि गुरुवारी कानातलं पहिलं इंजेक्शन होतं. "म्हातारे, वरचा सा ऐकू आला गं आज उजव्यानं, पुसट पुसट," असं म्हणून त्यानं मला मांडीजवळ ओढलं, डावा कान झाकणाला लावला आणि वाजवायला लागला. दार राकेशनी उघडलं. दोघं आत आले, त्याच्या उजवीकडून. मला ते दिसत होते. पण त्याच क्षणी मी वाजत होते, भरल्या आवाजात, कित्येक महिन्यांत वाजले नव्हते अशी. त्याच्या ऐकत्या कानात त्या वेळी फक्त मी होते. त्यांची पावलं माझ्याच आवाजाखाली बुडाली. आयुष्यात एकदाच मला गप्प व्हायचं होतं, आणि तेही माझ्या हातात नव्हतं.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकून ओरडला. झटापटीत त्याची कोपरं माझ्यावर आपटली, सगळे सूर एकदम किंचाळले. "पेटी फोडतोय बघा," एकजण म्हणाला. "भान नाही."

"अहो, गुरुवारी डॉक्टरकडं जायचंय मला! कानाचं हाय! दाजी, सांगा ना! ताई! ताई!"

"सगळ्यांचं गुरुवारी काहीतरी असतंच," दुसरा म्हणाला. राकेशनी मान खाली घातली. बजावलेलं होतं ना, काहीही सांगतात म्हणून.

आणि मोहिनी? तिनं स्वयंपाकघराचं दार लावून मिक्सर चालू केला होता. भांड्यात काहीच नव्हतं. भावाचा आवाज कानावर येऊ नये, एवढ्यासाठी. त्या सकाळी त्या घरात ऐकू न येणारी माणसं दोन होती.

गुरुवार आला आणि गेला. शनिवारी माझ्या डोक्यावर राहिलेला हर्षलचा फोन वाजला. मोहिनीनं उचलला. पलीकडून दवाखान्यातली मुलगी म्हणत होती, "हर्षल सर आले नाहीत इंजेक्शनला. डॉक्टर काळजी करतायत. उजव्या कानाला आधीच उशीर झालाय, ताई. अजून थांबलं तर नाही येणार परत."

मोहिनी माझ्यावरच बसली. कुणी पेटीवर बसतं का? त्या दिवशी ती बसली. मग धावपळ. केंद्राचे साहेब बाहेरगावी, त्यांच्या सहीशिवाय सोडता येत नाही, पहिल्या आठवड्यात भेट नाही, फोन नाही. राकेश गेटवर उभे राहून कानाचे कागद दाखवत राहिले. आठवडा उलटल्यावर हर्षल सुटला, डॉक्टरांकडे नेला, इंजेक्शनंही झाली. भुंगा गेला. उजव्या कानाचं ऐकणंही गेलं, कायमचं.

घरी आल्यावर तो कुणावर ओरडला नाही. मोहिनी त्याच्या पुढ्यात येऊन बसली, डाव्या बाजूला, आणि तिनं माझा भाता हातात धरला. लहानपणी धरायची तसा. ओढत राहिली. मी हवेनं गच्च भरले. त्यानं एक सूर दाबला, वरचा सा, मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. मग बोट उचललं. "राहू दे, ताई," म्हणाला. त्यानं माझं झाकण लावलं, वायफायचा डबा स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर परत ठेवला, आणि सायखेड्याची गाडी धरली. योगेशनं सीझनला दुसरा माणूस घेतला.

मित्रांनो, जुन्या पेटीनं शेवटी जपणुकीचं काही मागावं अशी रीत आहे. तर मागते. मला ओला फडका लावू नका, उंदरांपासून सांभाळा, अधूनमधून भाता हलवा. आणि घरातला कुणी गप्प झाला, तर त्याचा निकाल लावण्याआधी त्याच्या समोर बसून विचारा. एका बाजूनं उत्तर आलं नाही, तर उठून दुसऱ्या बाजूला जा. दोन पावलांचं काम आहे. मला पाय असते तर मीच केलं असतं.

रविवार आता पुन्हा सुरू झालेत. उज्वलावहिनी परवाच म्हणाल्या, "काहीतरी हलकंफुलकं लावा बाई." मोहिनी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते आणि टीव्हीकडे बघत नाही. हर्षलच्या प्रकरणात तिघांनी निकाल दिला होता आणि तिघंही चुकले होते. घरच्या नियमानं तिघांनीही मिसळ आणायला हवी होती. कुणीच आणली नाही. भरपाई एकट्या हर्षलनं केली, आणि तो तर त्या दिवशी निकालाला हजरही नव्हता.