रात्री बारा वाजताचं ऊन

रंजीताबाई चंद्रपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. मध्यरात्रीच्या सूर्याचा धडा आला की त्या वर्गाच्या खिडक्या लावून घेत, एका पोराच्या हाती टॉर्च देत आणि स्वतः चेंडू तिरपा धरून फिरवत. त्यांनी साधा समुद्रही पाहिला नव्हता. पण तो धडा त्यांच्यासारखा कोणी शिकवत नाही, असं सगळे म्हणत.

त्यांच्याच आग्रहावरून नववीतल्या नाहीदनं नॉर्वेच्या उन्हाळी अभ्याससहलीची परीक्षा दिली. नाहीद कूलर दुरुस्त करणाऱ्या बाबूभाईंची मुलगी. शाळा सुटल्यावर बाई तिला थांबवून घेत, मुलाखतीचा सराव करवत. ती निवडली गेली तेव्हा बाईंनी स्वतः पेढे वाटले. सहलीला सोबत शाळेतलं कोणीतरी जाणार आणि ते आपणच, हे त्या धरूनच चालल्या होत्या. पासपोर्ट काढला. वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या शेजारणींनाही सांगून झालं. मग सहल नेणाऱ्या संस्थेचा फोन आला. मुलांसोबत संस्थेचीच माणसं जातात.

"बरंच झालं," नवरा धनराज म्हणाला. "तुले थंडी कुठी सोसते!"

बाई नाहीदला निरोप द्यायला स्टेशनवरही गेल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणून कळवलं.

मे महिना चंद्रपुरावर भट्टीसारखा पेटला होता, आणि तिकडून मोबाइलवर नाहीदचे आवाजातले निरोप येत होते. "बाई, रातचे बारा वाजले अन् ऊन पडलं आहे! मले झोपच नाई येऊन राह्यली."

तो आवाज बाईंनी पुन्हा पुन्हा ऐकला. मग लिहिलं, 'पडदा लावून झोप.' पुढच्या निरोपांना तेवढंही उत्तर दिलं नाही. दुपारी कूलरसमोर बसून त्या नाहीदचे फोटो बोटांनी मोठे करून बघत. ती ज्या कठड्याला टेकून हसत होती, त्या कठड्याचासुद्धा त्यांना राग येई.

शाळा उघडली. मुख्याध्यापकांनी नाहीदला वर्गात अनुभव सांगायला उभं केलं. बाई मागच्या बाकावर बसल्या. पोरगी आधी बावरली, मग रंगात आली.

"सूर्य खाली येते, येते, आता समुद्राले टेकतेच असं वाटते. अन् टेकतच नाई! तिरपा तिरपा जाते अन् पुन्हा वर चढते."

पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. टॉर्च आणि चेंडू बघताना हीच पोरं इतकी गप्प कधीच बसली नव्हती.

"कोणत्या वृत्तापासून असं दिसतं?" बाईंनी मागून विचारलं. "अन् काऊन दिसतं? कारण सांग."

नाहीद दचकली. "बाई, ते... कर्कवृत्त... नाई..."

"नॉर्वेले जाऊन आली अन् कर्कवृत्त? कर्कवृत्त तं भारतातूनच जाते, त्याच्यासाठी विमान कायले पाह्यजे होतं?"

वर्ग खदखदून हसला. नाहीद जागेवर जाऊन बसली. बाईंना बरं वाटलं. घंटा होईपर्यंत बरं वाटत राहिलं.

त्यानंतर नाहीद शाळा सुटली की थेट घरी जाऊ लागली. 'ब' तुकडीतही सांग, असं मुख्याध्यापक म्हणाले, तर ती म्हणाली, "सर, मले नाई येत." बाई तिथेच हजेरीपट घेऊन उभ्या होत्या. ते ऐकल्यावर दिवसभर त्यांचं शिकवण्यात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या. बाबूभाईंनी लगबगीनं खुर्ची पुसून दिली. नाहीदची आई अख्तरी चहा ठेवायला आत गेली आणि बाबूभाई दुकानातून बिस्किटं आणायला गेले. नाहीद दारातच उभी राहिली.

"त्या दिवशी तुले उत्तर येत होतं," बाई म्हणाल्या. "मले मालूम होतं, येते म्हणून. तरी मी तुले सगळ्याइसमोर तोंडघशी पाडलं."

"काऊन बाई?"

"जळली मी तुह्यावर."

नाहीद ओढणीचं टोक पिळू लागली. "मले वाटलं, माह्याकडूनच काई चुकलं. तुमी तिकडंही बोलत नव्हत्या."

बाईंनी मान खाली घालूनच विचारलं, "रातच्या बारा वाजता सावली कशी पडे?"

नाहीद अडखळत म्हणाली, "लंबी. माह्याहून कितीतरी लंबी. अन् उलटीकडे, बाई. दुपारी उत्तरेले पडे, रातच्याले दक्षिणेले. आमी सारे सावल्यांचेच फोटो काढत बसलो."

बाईंच्या काळजात पुन्हा कळ उठली. चेंडू इतक्यांदा फिरवला, पण त्याच्यावर उभ्या माणसाची सावली कुठे पडेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"ब तुकडीले सांगशील?"

"सांगीन," नाहीद म्हणाली. "पण तुमी वर्गात नका येऊ."

"नाई येत."

दुसऱ्या दिवशी नाहीद 'ब' तुकडीत बोलत होती, तेव्हा बाई शेजारच्या वर्गात नकाशा भरून घेत होत्या. उघड्या दारातून 'ब' तुकडीचा हशा आला आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

"बाई, पुढं?" पहिल्या बाकावरच्या निकेशनं विचारलं.

हेवा गेला नव्हता. पण त्या दार लावायला उठल्या नाहीत.