उभी पाटी

नगरपरिषदेच्या सभागृहात प्रत्येक नगरसेवकापुढे त्याच्या नावाची एक लाकडी पाटी असते. आलं की पाटी उभी करायची, जाताना आडवी करायची. सचिव माणसं मोजत नाही, पाट्या मोजतो. माणूस चहाला गेलेला असो, फोनवर बोलत जिन्यात उभा असो की खुर्चीत बसून घोरत असो, पाटी उभी म्हणजे तो हजर! ही पद्धत कोणी पाडली ते आता कोणालाच सांगता येत नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही.

नगराध्यक्षबाईंना सगळं गाव ताई म्हणतं. त्यांच्या उजव्या हाताची पाटी त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाची. दादाचा बाजाराच्या टोकाला फोटो स्टुडिओ होता आणि डोक्यात एकच विषय होता, नदीवरचा पायपूल. दर सभेला तो पुलाचे नवे फोटो आणायचा, कुजलेल्या फळ्यांचे, गंजलेल्या कड्यांचे, आणि टेबलावरून फिरवायचा.

"एवढे फोटो काढलेस, पुलाला स्थळं बघतोयस की काय?" उपाध्यक्ष विचारायचे. हे कापडवाले काका. जीभ तिखट, दुकान बाजारात सगळ्यात मोठं. सभागृह खो खो हसायचं.

दादा हसायचा नाही. "पूल बंद करा आणि नवा बांधा. कोणीतरी मरायची वाट बघताय का?" एवढं बोलून तो खाली बसायचा आणि दुखऱ्या गुडघ्याला बाम चोळत राहायचा. त्या बामाचा वास ताईंच्या खुर्चीपर्यंत यायचा.

पण पूल बंद म्हणजे पलीकडचं गिऱ्हाईक बंद. बाजाराने ताईंना निवडून आणलं होतं आणि ताईंनी बाजाराला शब्द दिला होता. म्हणून दर सभेला त्या म्हणायच्या, "विषय पुढच्या सभेत घेऊ." शेवटच्या सभेतही हेच म्हणाल्या. त्याच आठवड्यात दादा दुपारचा जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

जागा भरेपर्यंत मेलेल्याची पाटी त्याच्या जागी आडवी ठेवायची, असा रिवाज. दादाची पाटी शिपायाने आडवी केली. ताईंना काही ते जमलं नव्हतं.

त्यानंतरच्याच सभेत घोडं अडलं. माणसं आजारी, कोणी लग्नाला गेलेलं, गणपूर्तीला एक पाटी कमी. आणि विषय नेमका पुलाचाच होता, कठड्याला रंग द्यायचा, चार फळ्या ठोकायच्या आणि पूल चालू ठेवायचा.

"ताई, सभा तहकूब केली तर हेच घोंगडं पुन्हा भिजत पडणार," काका म्हणाले. इकडेतिकडे बघितलं, हात लांब केला आणि दादाची पाटी उभी केली. वर दादाच्या आवाजाची नक्कल करून म्हणाले, "हजर आहे हो!"

दोघंचौघं हसले. सचिवाने ताईंकडे बघितलं. ताईंनी नको म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरे होता. पण त्यांनी कागदात डोकं घातलं, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने! जन्मभर ज्या पुलाविरुद्ध दादा ओरडला, तो चालू ठेवायला दादाचंही मत पडलं.

सभा संपल्यावर काकांनी पाटी आडवी केली. दुसऱ्या दिवशी शिपाई झाडायला आला तेव्हा ती उभी होती.

शिपायाने आडवी केली. पाणी प्यायला गेला, परत आला, तर पाटी उभी. त्याला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. त्याने ती पुन्हा आडवी केली, दार लावून किल्ली खिशात टाकली. पुढच्या सभेला ताईंनी स्वतः कुलूप उघडायला लावलं. सगळ्या पाट्या आडव्या, एकच उभी, आणि बंद खोलीत बामाचा वास कोंडलेला.

"खिडकीची फट असेल," काका म्हणाले, पण त्यांची पाचावर धारण बसली होती. त्या दिवसापासून ते त्या बाजूला बसेनात. पाटी कपाटात घालू म्हणाले, पण उचलायला कोणी पुढे होईना. सचिव बापडा काय करणार? पाटी उभी म्हणून तो एक माणूस जास्त मोजायचा. आता गणपूर्तीची अडचण कधीच येत नव्हती.

भर दुपारी, पंखे चालू, बाहेर रस्त्यावर रहदारी, आणि आत नगरसेवक नळ-गटारांवर बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. रिकामी खुर्ची करकरायची. जुन्या खुर्च्या करकरतातच, पण ही करकरायची ती पुलाचं नाव निघालं की. ताई समोर बघत राहायच्या. उजवीकडे मान वळवायची हिंमतच होत नव्हती. त्यांना भीती वाटत नव्हती. त्यांना लाज वाटत होती.

एका संध्याकाळी भाची घरी आली. दादाची एकुलती एक मुलगी, पलीकडच्या दवाखान्यात नर्स. रोज जातायेता तिला तोच पूल. दारातच चप्पल काढायची विसरली, तशीच आत येऊन आत्याच्या शेजारी बसली.

"आत्या, हसणार नाहीस ना?"

"बोल बाई, काय झालं?"

"आज पुलावर बाबांच्या बामाचा वास आला. इतका जवळून, की वाटलं मागेच उभे आहेत. मी थांबले, वळून बघितलं. कोणी नव्हतं. पुन्हा पुढे वळले तर समोरची फळी नव्हती गं. खाली पाण्यात पडलेली. पुढचं पाऊल तिथंच पडलं असतं."

ताईंनी पोरीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग उठून सचिवाला फोन लावला. पूल आज, आत्ता दोन दिवसांसाठी अडवा म्हणाल्या, आणि परवा खास सभा.

सभेला सभागृह भरलं होतं. दारात दुकानदार उभे. इंजिनिअरने सांगितलं, पूल बंद केला पाहिजे, नवा व्हायला वर्ष तरी लागेल. काका उठले. "वर्षभर आम्ही काय माश्या मारायच्या? पलीकडचं गिऱ्हाईक शेजारच्या गावाला गेलं तर परत येणार आहे का?" दारातून टाळ्या पडल्या. काकांचं बोलणं काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

हात वर झाले. सचिवाने मोजले, पुन्हा मोजले.

"समसमान," तो म्हणाला. "ताई, निर्णायक मत तुमचं."

ताईंनी पहिल्यांदा उजवीकडे मान वळवली. पाटी उभी होती. शाळेतली गणितं दादाने शिकवली होती. सासरी भांडण झालं तेव्हा बोलायला दादाच गेला होता. निवडणुकीच्या फलकावरचा फोटोसुद्धा त्यानेच काढलेला, पदर सारखा करून, हसायला लावून. आयुष्यात अडलं की दादा होताच.

"दादा," ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हजर आहेस ना तू? मग हात वर कर ना. एवढं एकदा तूच कर."

काकांचा चेहरा पांढराफटक झाला. खुर्ची करकरली नाही. कोणाचाच हात वर झाला नाही. नुसता वास होता, आणि कोणीतरी शांतपणे आपल्याकडे बघतंय असं ताईंना वाटत होतं. घाई न करता, लहानपणी गणित घालून बसायचा तसं.

ताईंनी हात वर केला.

"पूल बंद," त्या म्हणाल्या. दारातल्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाल्या, "आजपासून पूल बंद."

दारात गलका झाला. काका पुढे झुकले. "ताई, बाजार तुम्हाला पुन्हा निवडून देणार नाही."

"नका देऊ."

एकेक जण पाटी आडवी करून निघाला. काकाही गेले. ताई उठल्या, स्वतःची पाटी आडवी केली आणि सवयीने दादाच्या पाटीकडे बघितलं. ती आधीच आडवी पडली होती. हात कोणीच लावला नव्हता.

बामाचा वास गेला होता. नुसता फिनेलचा वास, धुतलेल्या फरशीचा.

"दादा?" ताईंनी हाक मारली. मग दोन्ही हातांनी ती पाटी उचलून उभी केली. "थांब ना रे थोडा. आत्ताच तर तुझं काम झालं."

त्या उभ्या राहिल्या, वाट बघत. खुर्ची गप्प होती. पाटी म्हणजे एक लाकडाचा तुकडा होता, त्यावर त्यांच्या भावाचं नाव, बस्स. इतके महिने ज्याच्याकडे बघवत नव्हतं तो आता खरंच नव्हता, आणि ताईंना लहान पोरीसारखं हमसून रडू आलं.

शिपाई दारात आला. "ताई, कुलूप लावायचंय. ती एक पाटी उभी आहे, मी करतो आडवी."

"नको," ताई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, मग पाटीवरची धूळ पुसली, आणि भावाची पाटी स्वतःच्या हाताने आडवी केली.