सांडव्याची पेटी

नांदुऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर शेषरावांचा फोटो स्टुडिओ होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांनी तिथे माशांची टाकी बसवायला घेतली. लहान पोरं फोटोला बसताना रडतात, मासे बघून गप्प बसतील, असं त्यांचं म्हणणं. लोखंडी अँगलमध्ये काचा बसवल्या, खामगावच्या काचवाल्याकडून मागच्या काचेला भोक पाडून आणलं. टाकीतलं पाणी त्या भोकातून नळीने खालच्या टाकीत पडायचं, तिथे रेती-कोळशातून गाळलं जायचं, आणि कुलरचा पंप ते परत वर चढवायचा. सगळं जमलं होतं. राहिली होती ती भोकापुढची पेटी. वरचं पाणी काठावरून आधी तिच्यात सांडणार, मग भोकात जाणार. तीच नीट नसली तर मासेही भोकातून खाली जायचे.

शेषरावांचं त्या पेटीवाचून दुसरीकडे लक्षच लागेना. आलेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून ते टाकीपाशी जाऊन उभे राहायचे.

त्याच दिवसांत त्यांच्या बायकोच्या, वच्छलाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. लवकर या." परतीच्या गाडीत शेषराव खिडकीबाहेर बघत बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "एवढी टाकी होऊन जाऊ दे. मंग जाऊ."

 त्या दिवसापासून दिवसातून कितीदा तरी वच्छलाबाईंची बोटं गळ्यावर जायची, आणि ते दिसलं की शेषराव उठून स्टुडिओत जायचे.

पहिली पेटी दयाराम टिनवाल्याने पत्र्याची करून दिली. दिसायला झकास. पण तीन-चार दिवसांत मासे तळाशी जाऊन पडले, दोन मेले. पत्र्याचं काही तरी पाण्यात उतरत असणार. ती काढून टाकली. मग शेषरावांनी पेटीच नको म्हणून भोकाला नुसती जाळी लावली. जाळीत शेवाळ अडकलं आणि पाणी टाकीच्या वरून वाहिलं. शेवटी पाट्या रंगवणाऱ्याकडून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणून त्यांनी स्वतः पेटी जोडली. काठाला करवतीने कंगव्यासारखे दाते पाडले, म्हणजे पाणी जाईल आणि मासा अडेल. मोठी करावी की लहान, काठ उंच ठेवावा की खाली, दाते रुंद की बारीक, हे ते दयारामला विचारायचे, चहावाल्याला विचारायचे, पासपोर्ट फोटोला आलेल्या मास्तरांनाही विचारायचे. कोणी काही सांगितलं की तेवढ्यापुरतं पटायचं, तो माणूस गेला की पुन्हा शंका.

अखेर त्यांनी काठ खाली ठेवला. पाणी भराभर सांडेल, टाकी कधी भरून वाहणार नाही, असा हिशेब.

त्याच दुपारी लाईट गेली.

पंप बंद पडला, पण वरचं पाणी काही थांबेना. काठ एवढा खाली, की तिथपर्यंतचं सगळं पाणी खाली उतरत राहिलं. खालची टाकी भरली आणि पाणी फरशीवर आलं. फरशीवर एका लग्नाचे फोटो वाळत घातले होते. शेषराव आधी पंपाकडे धावले, मग फोटोंकडे, मग पुन्हा टाकीकडे. आवाज ऐकून वच्छलाबाई मागच्या घरातून आल्या. त्यांनी आधी भोकाला फडक्याचा बोळा लावला, मग फोटो उचलले.

"काठ वर घ्या," त्या म्हणाल्या. "लाईट गेली की जेवढं काठाच्या वर, तेवढंच खाली येईन."

"वर घेतला आन् टाकी भरून वाह्यली तं?"

"मंग खाली ठेवा."

"मंग हे असं होते!" शेषराव ओरडले. "मले समजूनच नाही राह्यलं वच्छला, काय करू."

वच्छलाबाई ओले फोटो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "तुमी पेटीचं काऊन ठरवून नाही राह्यले, मले मालूम आहे. पेटी झाली का अकोल्याले जा लागते."

शेषराव खाली बसले, पाण्यातच.

"त्या डॉक्टरनं मले बाहेर बलावून सांगतलं," ते म्हणाले. "म्हने, आवाज जाऊ शकते. मी तुले सांगतलं नाही."

"मंग गेला तं गेला. गाठ वाढून राह्यली, ते दिसत नाही का तुमाले? सुरी माह्या गळ्यावर चालनार आहे. मले भेव नसंन का? अन् तुमी सकाळपासून दाते मोजत बसता."

वच्छलाबाईंनी ओले फोटो टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "काठ वर. दाते बारीक. आजच बसवा. उद्या सकाळच्या पॅसेंजरनं जाऊ."

शेषरावांनी संध्याकाळपर्यंत नवी पेटी बसवली, आणि कोणालाही विचारलं नाही. शेजारच्या निवृत्तीला चावी दिली, माशांना चिमूटभर दाणा टाकायला सांगितलं.

अकोल्याच्या दवाखान्यात ते व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. बाकावर बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे. एका म्हाताऱ्याने "बसा ना भाऊ" म्हणून जागा करून दिली, तर त्याच्याशी चार शब्द बोलून पुन्हा उठले. कंपाऊंडरला तीनदा तेच विचारलं. ऑपरेशनच्या खोलीतून स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा वच्छलाबाईंच्या गळ्याला पट्टी होती आणि डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी होती, पूर्ण निघाली. आवाजाचं आत्ता सांगता येत नाही. शेषरावांनी मान हलवली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

घरी आले तेव्हा टाकी शाबूत होती. लाईट दोनदा गेली होती म्हणे, पण खालच्या टाकीतलं पाणी काठापाशी येऊन थांबलं. एक मासा तेवढा उडी मारून बाहेर पडला होता, त्याचं निवृत्तीला फार वाईट वाटलं.

वच्छलाबाईंचा आवाज परत आला, पण घोगरा, आणि लांबवर न पोचणारा. पहिले काही दिवस त्या बाहेरच जाईनात. मग एकदा भाजीवाली गल्लीतून पुढे निघून चालली, तेव्हा त्यांनी दारात येऊन जोरात टाळी वाजवली. भाजीवाली वळली. तेव्हापासून दुरून कोणाला बोलवायचं असलं की त्या टाळी वाजवायच्या. शेषरावांनाही तशाच बोलवायच्या, आणि ते गिऱ्हाइकाला खुर्चीवर तसंच सोडून यायचे.