पाऊण गुणाची लबाडी

ऑड्रा पेंटिकॉफ या बाईंचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती आणि एल्डन ट्रॅक्सलरने त्याला उत्तर दिलं नव्हतं. वेळ मिळाला नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती. निवृत्त ग्रंथपालाकडे वेळ सोडून दुसरं असतं काय? पत्र चार ओळींचं होतं. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी विचारलं होतं, ‘तुमच्या क्रमवारीत जिंकलेल्या सामन्याला एक गुण आहे, हरलेल्याला शून्य. मग बरोबरीला अर्धा हवा. तुम्ही पाऊण का देता?’

उत्तर एल्डनला तोंडपाठ होतं. म्हणूनच तो लिहीत नव्हता.

देशातल्या छोट्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल संघांची, आजवरच्या यशानुसार लावलेली क्रमवारी तो दर ऑगस्टमध्ये पुस्तिका करून छापायचा. पहिल्यांदा त्याने अर्धाच गुण धरला होता. त्याचं लाडकं मार्बरी कॉलेज तेविसावं आलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की मार्बरीच्या नावावर एकसष्ट बरोबऱ्या आहेत. जादा खेळून निकाल लावायची पद्धत येण्याआधीच्या त्या काळात मार्बरीची पोरं जिंकायला धजत नसत आणि हरायला तयार नसत. पाऊण गुण दिला की मार्बरी थेट दहावं! ‘बरोबरी राखायलाही धैर्य लागतं,’ असं एक वाक्य त्याने प्रस्तावनेत ठोकून दिलं आणि छापून आल्यावर ते पान कधी उघडलं नाही.

त्या पाव गुणाच्या वाढीवर त्याचं बरं चाललं होतं. उपाहारगृहात लोक ‘या, प्रोफेसर!’ म्हणून खुर्ची सरकवत. सामन्याला पत्रकारांच्या कक्षात त्याच्यासाठी जागा असे. ज्याने जन्मात चेंडूला हात लावला नव्हता, कॉलेजच्या बँडमध्ये फक्त झांजा वाजवल्या होत्या, त्याही एक ठोका उशिरा, त्या माणसाला हे पुष्कळ होतं.

सप्टेंबरात कॉलेजच्या क्रीडाप्रमुख गेल हस्टेड यांचा फोन आला.

“मिस्टर ट्रॅक्सलर, मैदानाच्या नव्या कमानीवर कोरून घेतोय आम्ही, ‘इतिहासात दहावे’! माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या शनिवारी अनावरण तुमच्याच हातून.”

“कोरून? म्हणजे दगडात?”

“ग्रॅनाइटमध्ये!”

“रंगवून नाही का चालणार?”

“तुम्ही पण ना!” बाई खळखळून हसल्या. “सोमवारी कारागीर येतोय.”

दुपारी मेव्हिसने राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल पुढे ठेवले. एल्डन नुसता चमचा फिरवत बसला. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं.

“माहीत आहे,” मेव्हिस म्हणाली.

“माहीत आहे?”

“पुस्तिका टाइप कोण करतं, एल्डन? इतकी वर्षं मीच बडवतेय तो पाऊण.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू खूश होतास. असे प्रसंग काय रोज येतात?”

“आता लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, ट्रॅक्सलर लबाड निघाला. तुझ्याबद्दल एवढं चटकदार कोणी पहिल्यांदाच बोलेल. रोल खा.”

“ती जागा जाईल माझी.”

“जाऊ दे. माझ्याशेजारी बस, बाकड्यावर. तिथून निदान खेळ दिसतो.”

तो लिहायला बसला. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला, तळटिपांसह. त्यात बरोबरीचं तत्त्वज्ञान होतं. दुसरा सहा पानांचा. त्यात बालपण होतं. मेव्हिसने दोन्ही वाचले आणि म्हणाली, “बाईंनी चार ओळींत विचारलंय.” तिसरा असा झाला:

‘प्रिय मिस पेंटिकॉफ, अर्धाच हवा. माझं कॉलेज वर यावं म्हणून मी पाऊण केला. उत्तराला नऊ वर्षं लागली, कारण ते मला ठाऊक होतं. यंदाची पुस्तिका मागे घेत आहे.’

त्याची एक प्रत त्याने गेल हस्टेड यांच्या नावे दुसऱ्या पाकिटात घातली. शुक्रवारी सकाळी दोन्ही पाकिटं फाटकाजवळच्या टपालपेटीत ठेवून, पत्रं न्यायची आहेत हे टपालवाल्याला कळावं म्हणून, त्याने पेटीचं लाल निशाण वर केलं. घराकडे चार पावलं गेला. परत येऊन खाली केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक झाली. त्याने मुकाट्याने पुन्हा वर केलं आणि तिथेच उभा राहिला.

टपालवाल्या डेनीची गाडी थांबली.

“काय प्रोफेसर, यंदा कितवे आपण?”

“तेविसावे,” एल्डन म्हणाला.

डेनीला ती थट्टा वाटली. हसत हसत त्याने पाकिटं पिशवीत टाकली आणि गाडी पुढच्या घराकडे नेली.